माल्टाचा यॉटसेवा उद्योग स्पर्धेत किती टिकतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटराष्ट्राच्या सागरी व्यवसायाविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. करविषयक उत्तरे माहितीपुरती आहेत. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागेलच.

१. यॉटसेवा उद्योग म्हणजे नेमके काय? यॉट बांधणे त्यात येते का?

येत नाही. मोठ्या यॉट मुख्यतः इटली, नेदरलँड्स, जर्मनी आणि तुर्कस्तान येथे बांधल्या जातात. यॉट म्हणजे हौसेच्या सागरी सफरींसाठीची नौका. बांधून पाण्यात उतरलेल्या यॉटला तिच्या उरलेल्या आयुष्यात जे जे लागते, ते सारे यॉटसेवेत मोडते. त्यात नोंदणी, विमा, कर्ज, उभे राहण्याची जागा, इंधन, शिधा, खलाशी, तपासणी, रंग, दुरुस्ती आणि मालकाचा हिशेब ठेवणारा व्यवस्थापकही आला. यॉटच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्यावर खर्च होते, असा धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे एक कोटी युरोची यॉट विकणारा कारखाना एकदाच कमावतो, पण तिला सांभाळणारी बंदरे वर्षाला दहा लाख युरोंची वाटणी आपसांत करतात. माल्टाची धडपड या वाटणीतला हिस्सा मिळवण्यासाठी आहे.

२. अवघे ३१६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ असलेला देश या धंद्यात आलाच कसा?

हा देश जहाजांच्या देखभालीवर जगण्यास फार पूर्वी शिकला. सेंट जॉनचे सरदार, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाचे लोक, १५३० मध्ये माल्टात आले आणि त्यांनी आपली वल्ह्यांची लढाऊ गलबते बिर्गू गावाच्या खाडीत ठेवली. पुढे ब्रिटिशांनी याच बंदराला भूमध्य समुद्रातील आपल्या आरमाराचा तळ केले. बोर्मला येथील त्यांची पहिली सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरड्यावर घेण्याची जागा, १८४८ मध्ये सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या बेटावरची माणसे लोहार, सुतार, तारवाले, बॉयलरवाले म्हणून गोदीत लागत गेली.

२१ सप्टेंबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला आणि ३१ मार्च १९७९ रोजी ब्रिटिश सैन्याने बेट कायमचे सोडले. मागे राहिल्या मोठ्या गोद्या आणि त्यांत काम करणारी हजारो माणसे. सरकारी गोदी अनेक वर्षे तोट्यात चालली. २००४ मध्ये माल्टा युरोपीय संघात गेल्यावर तो तोटा सरकारी तिजोरीतून कायम भरत राहणे अशक्य झाले आणि अखेर २०१० मध्ये नेपल्सच्या पालुम्बो या कंपनीने गोदी तीस वर्षांच्या कराराने घेतली. त्यानंतर मालवाहू जहाजांच्या जोडीला यॉटची दुरुस्ती हा वेगळा विभाग उभा राहिला. सरदारांची गलबते जेथे विसावत त्या बिर्गूच्या खाडीत आज ग्रँड हार्बर मरीना, म्हणजे यॉट उभ्या करण्याचे बंदर, आहे, आणि तेथे शंभर मीटरहून लांब यॉटही उभ्या राहू शकतात. बोर्मलाच्या त्या पहिल्या गोदीच्या काठाने आता लोक संध्याकाळी फिरायला येतात.

३. माल्टा भूमध्य समुद्राच्या मधोमध आहे, हा खरोखर फायदा आहे का?

नकाशावर दिसतो तेवढा नाही. सिसिली साधारण ९० किलोमीटरवर आहे आणि जिब्राल्टर ते सुएझ या वाटेवर माल्टा जवळपास मध्यावर येतो, हे खरे. तथापि मोठ्या यॉटची उन्हाळ्यातली गर्दी बॅलिआरिक बेटे, फ्रान्सचा दक्षिण किनारा आणि सार्डिनिया या पट्ट्यात असते. त्या पट्ट्यातल्या कप्तानाला केवळ मध्यवर्ती म्हणून माल्टास जाण्याचे कारण नसते. ग्रीस, क्रोएशिया किंवा तुर्कस्तानकडे जाणाऱ्या, अथवा सुएझमार्गे लाल समुद्रातून ये-जा करणाऱ्या यॉटला मात्र माल्टा वाटेत पडतो.

खरा नैसर्गिक फायदा मला दुसऱ्या दोन गोष्टींत दिसतो. पहिली म्हणजे खोल आणि आडोशाचे बंदर. दुसरी म्हणजे भरती-ओहोटीचा जवळजवळ अभाव. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते, तर माल्टाची राजधानी व्हॅलेटात हा फरक जेमतेम वीस सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे यॉटची पाठ थेट दगडी धक्क्याकडे करून ती बांधता येते, पुढच्या बाजूने तळाशी रोवलेला दोर ताणून धरतो आणि मागून एक फळी धक्क्यावर टाकली की कामगार सामानासह आत-बाहेर करू लागतात. ही फळी सकाळी जशी टाकली तशीच रात्री असते. कोकणच्या खाडीत होडी लावणाऱ्या माणसाला यातले सुख वेगळे सांगावे लागणार नाही.

४. ज्या यॉटच्या पाठीवर ‘व्हॅलेटा’ लिहिलेले असते ती माल्टातच असते का?

बहुतेक वेळा नसते. पाठीवर लिहिलेले नाव हे नोंदणीचे बंदर असते. माल्टाची जहाजनोंदणी एकूण टनभाराच्या हिशेबाने युरोपीय संघातील सर्वांत मोठी आहे. तिच्यातल्या असंख्य यॉटनी माल्टाचे पाणी पाहिलेलेही नसेल. अशा यॉटपासून देशाला नोंदणीशुल्क मिळते आणि वकील, निवासी प्रतिनिधी, तपासनीस व लेखापाल यांना काम मिळते, परंतु वेल्डरला, रंगाऱ्याला किंवा मरीनाला काही मिळत नाही.

म्हणून ‘माल्टाच्या ध्वजाखालील यॉट वाढल्या, अर्थात उद्योग वाढला’ असे जे सर्रास लिहिले जाते ते अर्धे खरे आहे. कागदाचा धंदा आणि हातांचा धंदा असे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. पहिल्यात माल्टा जगाच्या पहिल्या रांगेत आहे. दुसऱ्यात त्याला प्रत्येक हंगामी झगडावे लागते (प्रश्न ९ ते १२ पाहा).

५. मालक केमन बेटे किंवा मार्शल बेटे सोडून माल्टाचा ध्वज का निवडतात?

पहिले कारण युरोपीय संघाचे सदस्यत्व. संघाच्या देशांत भाड्याने चालणाऱ्या यॉटला संघातल्याच देशाचा ध्वज सोयीचा पडतो. बाहेरच्या ध्वजाच्या खासगी यॉटसाठी काही देशांत मर्यादित भाड्याची सवलत आहे. मार्शल बेटांच्या ध्वजाची खासगी यॉट त्या सवलतीखाली वर्षातून ८४ दिवसांपर्यंतच भाड्याने देता येते.

दुसरे कारण कायदा. माल्टाचा व्यापारी नौवहन कायदा १९७३ चा असून तो ब्रिटिश धर्तीवर आहे. इंग्रजी ही माल्टीबरोबर राजभाषा असल्यामुळे सारी कागदपत्रे इंग्रजीत होतात. सहा महिन्यांची तात्पुरती नोंदणी पटकन मिळते आणि ती आणखी सहा महिने वाढवता येते. कर्ज देणाऱ्या बँकेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, नोंदवलेल्या गहाणखताला माल्टात थेट अंमलबजावणीयोग्य दस्तऐवजाचा दर्जा आहे. कर्ज थकले तर बँकेला आधी वर्षानुवर्षे दावा लढवावा लागत नाही.

तिसरे कारण म्हणजे बंदरांतल्या तपासणीत या ध्वजाची पत चांगली आहे. बंदरांतल्या जहाजतपासणीसाठी झालेल्या पॅरिस कराराच्या श्वेत यादीत, म्हणजे चांगल्या ध्वजांच्या यादीत, माल्टा आहे, त्यामुळे केवळ ध्वजामुळे जहाजावर संशयाची नजर जात नाही.

६. खासगी यॉट आणि व्यावसायिक यॉट यांत फरक काय? एकच यॉट दोन्ही असू शकते का?

मालक आणि त्याचे पाहुणे फुकट प्रवास करतात ती खासगी, आणि पैसे घेऊन पाहुण्यांना नेते ती व्यावसायिक. व्यावसायिक यॉटला माल्टाच्या व्यावसायिक यॉटसंहितेनुसार बांधणी, सुरक्षा आणि खलाशीसंख्या यांच्या अटी पाळाव्या लागतात. तिच्यावर २००६ चा सागरी कामगार करार लागू होतो, आणि बारापेक्षा अधिक प्रवासी नेता येत नाहीत. तेरावा पाहुणा आला की यॉट प्रवासी जहाजांच्या नियमांकडे सरकते. तो खर्च एवढा मोठा असतो की मालक पाहुण्यांची यादीच छाटतात.

व्यावसायिक यॉट मालकाने स्वतः वापरायची असेल तर ती बाजारभावाने भाड्याने घेतल्याची नोंद ठेवावी लागते. इंधनावरील अबकारी करातून मिळणारी सूट खासगी सफरीला नसते, आणि सर्वाधिक भानगडी याच जागी होतात.

७. ‘माल्टात यॉटवर फक्त ५.४ टक्के व्हॅट लागतो’ हे अजून खरे आहे का?

नाही. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा येतो, कारण जुने लेख अजून फिरत आहेत.

योजना अशी होती. माल्टातली कंपनी यॉट विकत घेई आणि मालकाला भाडेपट्ट्याने देई. भाड्यावर १८ टक्के व्हॅट लागे, पण युरोपीय पाण्याबाहेर झालेल्या वापरावर तो लागत नसे. आता यॉट किती दिवस आत आणि किती दिवस बाहेर होती हे कोण मोजणार? म्हणून माल्टाने लांबीनुसार टक्केवारी गृहीतच धरली. २४ मीटरहून लांब यॉटचा केवळ ३० टक्के वापर युरोपीय पाण्यात होतो असे मानले जाई, आणि १८ टक्क्यांच्या ३० टक्के म्हणजे ५.४ टक्के कर उरे. एक कोटी युरोच्या यॉटवर १८ लाखांऐवजी ५ लाख ४० हजार युरो भरून व्हॅट भरल्याचा दाखला हाती येई.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरडाइज पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांमागची करव्यवस्था उघड करणारी फुटलेली कागदपत्रे, प्रसिद्ध झाली आणि अशा योजनांवर प्रकाश पडला. ८ मार्च २०१८ रोजी युरोपीय आयोगाने माल्टा, सायप्रस आणि ग्रीस यांच्याविरुद्ध कारवाई सुरू केली. आयोगाचा आक्षेप असा होता की, प्रत्यक्ष वापराचा पुरावा न पाहता सरसकट सूट देता येत नाही. माल्टाने त्यानंतर नियम बदलले. आता यॉट कुठे होती याच्या नोंदी ठेवून, जितका वापर खरोखर बाहेर झाला तितक्याचीच सूट मागता येते.

माझ्या मते या प्रकरणातून उद्योगाने घ्यायचा बोध कराचा दर किती हा नव्हता. सायप्रसने अशीच योजना आणली होती, फ्रान्स आणि इटली यांच्याही सवलती होत्या, आणि त्यांनाही त्या २०२० मध्ये मागे घ्याव्या लागल्या. दुसरा देश एका परिपत्रकाने जी सवलत देऊ शकतो आणि तिसरी संस्था एका पत्राने जी बंद पाडू शकते, तिच्यावर बेटाने बरीच वर्षे भरवसा ठेवला.

८. मग आज कराच्या दृष्टीने माल्टाकडे आकर्षक असे काय उरले?

१ जानेवारी २०२४ पासून अल्पमुदतीच्या यॉटभाड्यावर १२ टक्के दर लागू आहे. भाड्याचा काळ पाच आठवड्यांपेक्षा जास्त नसावा ही त्यातली मुख्य अट आहे. तुलनेसाठी सर्वसाधारण दर पाहिले तर इटलीत २२, स्पेनमध्ये २१ आणि फ्रान्समध्ये २० टक्के आहेत. आठवड्याला दोन लाख युरो भाडे असेल तर फ्रान्सच्या मानाने १६ हजार युरो वाचतात.

पण येथे मेख आहे. अल्पमुदतीच्या भाड्यावरचा व्हॅट यॉट ज्या देशात पाहुण्याच्या ताब्यात दिली जाते त्या देशाचा लागतो. ध्वज कोणाचा, कंपनी कुठली, याला अर्थ नाही. म्हणजे १२ टक्क्यांचा लाभ घ्यायचा तर पाहुण्याने माल्टात येऊन यॉटवर चढले पाहिजे. पाहुण्यांना मात्र नीसला किंवा नेपल्सला विमानाने उतरून तेथूनच निघायचे असते. माल्टा, गोझो आणि कोमिनो यांचे किनारे सुंदर आहेत, परंतु दोन-तीन दिवसांत पाहून होतात. सफर सिसिलीकडे नेण्याची तयारी असलेल्यांनाच माल्टाहून निघणे पटते. तेव्हा या दराने थोडा धंदा येईल, पूर आलेला नाही.

९. हिवाळ्यात यॉट दुरुस्तीला येते म्हणजे प्रत्यक्षात काय होते? त्यात एवढा पैसा कसला?

हा विषय थोडा तपशिलाने सांगण्यासारखा आहे, कारण उद्योगाचा कणा येथे आहे.

सप्टेंबरअखेर उन्हाळी हंगाम संपतो आणि पुढच्या मेपर्यंत यॉटला पाहुणे नसतात. दर पाच वर्षांनी वर्गीकरण संस्थेची, म्हणजे जहाजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मोठी तपासणी असते आणि अधेमधे लहान तपासण्या असतात. त्यासाठी यॉट पाण्याबाहेर काढणे भाग पडते. गोदीत पाणी असतानाच तळावर लाकडी ठोकळे मांडलेले असतात, आणि ते त्या यॉटच्या नकाशाप्रमाणे इंच-इंच मोजून. यॉट आत येते, पाणबुडे खाली उतरून ती ठोकळ्यांच्या बरोबर वर आली का ते पाहतात, मग पंप सुरू होतात. पाणी उतरले की बुडापासून चिकटलेले शिंपले आणि शेवाळ दिसू लागते. ते जोराच्या फवाऱ्याने धुतात. गंजापासून बचावासाठी लावलेले जस्ताचे ठोकळे वर्षभरात साबणाच्या चिपेसारखे झिजलेले असतात, ते बदलतात. पंख्याचा दांडा बाहेर ओढून तपासतात, समुद्राचे पाणी आत घेणारी प्रत्येक झडप उघडतात.

यानंतर रंग. यॉटच्या रंगकामाचा खर्च ऐकून मालवाहू जहाजांवर आयुष्य काढलेली माणसे अविश्वासाने हसतात. संपूर्ण यॉटभोवती परांची बांधून प्लास्टिकचा तंबू उभारतात, आतले तापमान आणि दमटपणा राखतात, लांबी (पुट्टी) भरतात, घासतात, पुन्हा भरतात. शेवटच्या थराची चकाकी यंत्राने मोजली जाते आणि आरशासारखे प्रतिबिंब कुठे लहरले तर तो पट्टा पुन्हा करावा लागतो. माल्टाचा सौम्य हिवाळा, साधारण दहा ते सोळा अंशांचा, या कामाला उत्तर युरोपपेक्षा बरा पडतो. पण पाऊस हिवाळ्यातच येतो आणि वसंत ऋतूत आग्नेयेकडून वारा सुटला की सहारातील तांबूस धूळ सगळ्यावर बसते. त्या वाऱ्याला माल्टी भाषेत ‘श्लोक’ म्हणतात. आपल्या श्लोकाशी त्याचे नाते नाही, मात्र ओल्या रंगावर तो उतरला तर रंगारी जे पुटपुटतो ते श्लोक नव्हे एवढे खरे. म्हणूनच छप्पर असलेली सुकी गोदी ही माल्टाची खरी मालमत्ता आहे.

अशा कामात चार-पाच महिने यॉट बेटावर राहते, तिचे खलाशी घरे भाड्याने घेतात, दातांच्या डॉक्टरकडे जातात, गाड्या भाड्याने घेतात. एका यॉटचा हिवाळा हा तिच्या उन्हाळ्यातल्या दहा भेटींपेक्षा बेटाला जास्त देऊन जातो.

१०. माल्टाचे खरे स्पर्धक कोण आहेत?

ध्वजासाठी केमन, मार्शल बेटे आणि ब्रिटिश छत्राखालील इतर नोंदण्या. दुरुस्तीसाठी बार्सिलोना, पाल्मा, ला सियोता, जेनोवा, व्हियारेज्जो. स्वस्त मजुरीसाठी तुर्कस्तान. हिवाळी मुक्कामासाठी मॉन्टेनेग्रोतील तिवात.

बेटराष्ट्रांशी तुलना करण्याचा मोह होतो, पण अँटिग्वासारखे बेट कॅरिबियनमधल्या हिवाळी सफरींवर जगते. तेथे यॉट पाहुण्यांसाठी जाते, माल्टात ती पाहुणे गेल्यावर येते. सायप्रस जास्त जवळचा नमुना आहे, कारण तोही युरोपीय संघात आहे आणि त्याचीही जहाजनोंदणी मोठी आहे. फक्त त्याच्याकडे आरमारी गोद्यांचा वारसा नाही.

माल्टाची मजुरी फ्रान्सपेक्षा कमी आणि तुर्कस्तानपेक्षा जास्त आहे. अशा मधल्या भावात विकणाऱ्याला दर्जा आणि वेळ पाळूनच टिकता येते. मेच्या पहिल्या आठवड्यातला पाहुणा ठरलेला असतो. यॉट आठ दिवस उशिरा सुटली तर स्वस्तात केलेल्या कामाची सारी बचत त्यात जाते.

११. माल्टात यॉटसाठी पुरेशा जागा आहेत का?

उन्हाळ्यात चालवून घेता येते. हिवाळ्यात मोठ्या यॉटला सुरक्षित जागा मिळणे हीच अडचण आहे.

बिर्गूशिवाय म्सिदा, ता श्बीश, मनोएल बेट, पोर्तोमासो आणि गोझोवरचे म्जार येथे मरीना आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जागा स्थानिकांच्या लहान बोटींनी व्यापलेल्या असतात. त्यात ‘ग्रीगाल’ हा ईशान्येचा वारा आहे. माल्टाची मुख्य बंदरे ईशान्येकडे तोंड करून आहेत, त्यामुळे हिवाळ्यात तो सुटला की लाटा सरळ आत येतात. बायबलमधल्या संत पॉलचे जहाज माल्टावर फुटले ते याच वाऱ्याने, असे मानले जाते. फेब्रुवारी २०१९ च्या वादळात लाटांनी मासे उचलून किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर आणून टाकले होते. चाळीस मीटरची यॉट जेथे चार महिने ठेवायची आहे तेथे कप्तान असले चित्र विसरत नाही. लाटारोधक भिंती बांधून हा प्रश्न सुटू शकतो, परंतु बेटावर किनारा थोडा आणि त्यावर हक्क सांगणारे फार. पोहणारे, मच्छीमार, हॉटेलवाले आणि जलक्रीडावाले अशा सर्वांशी प्रत्येक मीटरसाठी वाद होतो, आणि तो वाद गैर आहे असेही म्हणता येत नाही.

१२. कुशल कामगार मिळतात का?

हीच सर्वांत मोठी चिंता आहे. ब्रिटिशांच्या आणि नंतर सरकारी गोदीत उमेदवारी करून तयार झालेली पिढी निवृत्त होत गेली आणि त्यांच्या मुलांना ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांत वातानुकूलित खोलीत बसून जास्त पगार मिळू लागला. माल्टाचे कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान महाविद्यालय सागरी अभ्यासक्रम चालवते, तरी दरवर्षी बाहेर पडणारी मुले आणि लागणारे हात यांत अंतर राहते. ते अंतर आज बाहेरून आलेल्या कामगारांनी भरले जाते, त्यांत इटालियन आहेत तसेच भारतीय, नेपाळी आणि फिलिपिनोही आहेत.

बाहेरून माणूस आणणे गैर नाही, मात्र रंगारी तीन हंगाम टिकला तरच त्याचा हात बसतो. परवाना, घरभाडे आणि शेजारच्या देशातला जास्त पगार यांमुळे तो दुसऱ्याच हंगामात निघून गेला, तर गोदी प्रत्येक हिवाळ्यात नव्याने शिकवत राहते. करसवलतीवर खर्च झालेली अक्कल उमेदवारीच्या योजनांवर खर्च झाली असती तर माल्टा आज अधिक भक्कम असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

१३. मिडल सी रेसचा उद्योगाला फायदा होतो का?

होतो, पण मर्यादित. १९६८ पासून रॉयल माल्टा यॉट क्लब भरवत असलेली ही ६०६ सागरी मैलांची शर्यत ऑक्टोबरमध्ये व्हॅलेटाच्या तटबंदीखालून सुटते आणि सिसिलीला वळसा घालून परत येते. शिडाच्या शंभरेक यॉट आणि त्यांचे चमू आठवडाभर बेटावर असतात. पाल बनवणारे, दोरकाम करणारे आणि हॉटेले यांचा तो सुगीचा काळ. मोठ्या मोटरयॉट दुरुस्तीला कुठे जातात हे मात्र शर्यतीवर ठरत नाही.

१४. करड्या यादीचा आणि रशियावरील निर्बंधांचा परिणाम झाला का?

दोन्हींचा झाला. पैशाच्या गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने जून २०२१ मध्ये माल्टाला करड्या यादीत टाकले आणि जून २०२२ मध्ये बाहेर काढले. त्या वर्षभरात यॉट कंपनीचे साधे बँकखाते उघडणेही लांबत असे. यादीतून नाव गेले तरी बँकांची चौकशीची सवय गेली नाही, आणि ते योग्यच आहे. २०२२ मधील निर्बंधांनंतर निर्बंधांच्या यादीतल्या रशियन मालकांच्या यॉटना युरोपातल्या कोणत्याही गोदीने हात लावणे बेकायदा ठरले. हा फटका केवळ माल्टाला बसलेला नाही. पण जो उद्योग थोड्या, फार मोठ्या गिऱ्हाइकांवर उभा असतो तो किती लवकर हादरतो, हे त्यातून दिसले.

१५. मालक युरोपीय संघाबाहेरचा असेल तर त्याला व्हॅट न भरता यॉट माल्टात ठेवता येते का? तिच्यावर माल्टाचा ध्वज असला तर?

पहिल्या भागाचे उत्तर होय. मालक संघाबाहेर राहणारा, यॉट संघाबाहेर नोंदलेली आणि वापर खासगी असेल, तर तात्पुरत्या प्रवेशाच्या नियमाखाली ती १८ महिने कर न भरता संघाच्या पाण्यात राहू शकते. मुदत संपण्यापूर्वी ती ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानसारख्या देशात जाऊन आली की नवी मुदत सुरू होते.

दुसऱ्या भागाचे उत्तर नाही, आणि अनेकांची फसगत येथेच होते. माल्टाचा ध्वज म्हणजे संघातील नोंदणी, म्हणून त्या यॉटला ही सवलत लागू होत नाही. म्हणजे माल्टाच्या गोदीला जे गिऱ्हाईक हवे असते, त्याला माल्टाचाच ध्वज घेऊ नका असा सल्ला मिळतो. प्रश्न ४ मधील दोन वेगळ्या व्यवसायांचा मुद्दा येथे अगदी उघड होतो.

आणखी एक अपवाद लक्षात ठेवावा. तात्पुरत्या प्रवेशावर आलेल्या यॉटची नेहमीची देखभाल चालते, पण यॉटचे मूल्य वाढवणारी मोठी दुरुस्ती करायची असेल तर सीमाशुल्काच्या वेगळ्या परवानगीखाली, म्हणजे प्रक्रियेसाठी आयात या सदरात, ती आधीच नोंदवावी लागते. काम सुरू झाल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

१६. महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या मुलांना माल्टात यॉटवर नोकरी मिळू शकते का?

मिळू शकते, मात्र नोकरी गोदीतली की यॉटवरची हे आधी ठरवावे. गोदीतल्या वेल्डर, फिटर, रंगारी या कामासाठी माल्टाचा कामाचा व निवासाचा एकत्रित परवाना लागतो आणि तो विशिष्ट मालकाच्या नावाने असतो. यॉटवरच्या नोकरीसाठी मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, लागते. माल्टा ज्यात येतो त्या शेंगेन प्रदेशात, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांत, व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्यामुळे यॉट चार महिने गोदीत असेल तर त्या काळात मुक्कामाची कायदेशीर व्यवस्था काय, हे मालकाला रुजू होण्यापूर्वी विचारावे.

भरती करणाऱ्या दलालाकडे भारताच्या नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असला पाहिजे. या महासंचालनालयाचे कार्यालय मुंबईतच आहे आणि परवानाधारकांची यादी त्याच्या संकेतस्थळावर मिळते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाने बंद आहे. ‘माल्टाच्या यॉटवर लगेच जॉइनिंग, फक्त तीन लाख’ असा निरोप मोबाइलवर आला तर पैसे देऊ नयेत, आणि तो क्रमांक त्या यादीतल्या नावाशी ताडून पाहावा.